चित्रगुप्ताच्या वहीत नसलेला रकाना



व्याख्यानमालेच्या भाषेत सांगायचं तर आज मी दुसरं पुष्प गुंफायला उभी आहे. विषय मेल्यानंतरचा असल्यामुळे 'पुष्प' हा शब्द या वेळी जरा जास्तच चपखल बसलाय. संयोजकांना फोनवर विषय सांगितला तेव्हा पलीकडे थोडा वेळ काही आवाजच आला नाही. मग हळूच विचारणा झाली, "मॅडम, भुताचा पिच्चर आहे का?" मी म्हटलं, भुताचा नाही, मेलेल्या माणसाचा, आणि विनोदी आहे. "विनोदी आहे ना, मग हरकत नाही," असं म्हणून त्यांनी पत्रिका छापायला टाकली. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते ते सर असते, तर त्यांनीही एवढंच विचारलं असतं असं त्यांचे विद्यार्थी मला आत्ता चहाच्या वेळी सांगत होते.

जळगावहून मी धुळ्याला एसटीनं आले. पाळधी, एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर. पारोळ्याच्या पुढे एक नवी कोरी गाडी उलट्या बाजूनं आमच्या अंगावर आली, ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, एका मुलाच्या हातातली लिमलेटची गोळी माझ्या मांडीवर आली आणि मला माझ्या व्याख्यानाची सुरुवात मिळाली. कारण ज्या सिनेमाबद्दल बोलणार आहे तो असाच सुरू होतो. फक्त त्यात ब्रेक लागत नाही.

'डिफेंडिंग युअर लाइफ', १९९१ सालचा अमेरिकन सिनेमा. लेखक, दिग्दर्शक आणि नायक एकच माणूस, अल्बर्ट ब्रूक्स. त्याचा डॅनियल मिलर हा जाहिरातीच्या धंद्यातला, घटस्फोट झालेला, सुखवस्तू आणि आतून पोकळ माणूस. वाढदिवसाला स्वतःलाच बीएमडब्ल्यू घेतो. टपावाचून मोकळी गाडी, हवा छान, गाणं चालू. सोबतच्या सीडी घसरून खाली पडतात, त्या उचलायला वाकतो आणि समोरच्या बसवर आदळतो. पुढच्या दृश्यात पांढरा झगा घालून, चाकाच्या खुर्चीत अर्धवट झोपेत, ढकलत नेला जातोय. आजूबाजूला त्याच दिवशी मेलेले इतर लोक, बहुतेक म्हातारे.

परलोक म्हणजे काय, तर जजमेंट सिटी. ना ढग, ना वीणा, ना उकळत्या तेलाच्या कढया. स्वच्छ रस्ते, ट्राम, हॉटेलं, स्वागतकक्षात हसणाऱ्या मुली. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या संस्थानाच्या भक्तनिवासात उतरल्यासारखं सगळं नीटनेटकं आणि थोडं कंटाळवाणं. एक सोय मात्र अशी की ऐकून खानदेशी माणसाला तिथं जायची घाई व्हावी: कितीही खा, वजन वाढत नाही. वरण-बट्टी तुपात बुडवून खायला कोणी डॉक्टर आड येत नाही. (हे माझं. सिनेमात पास्ता आणि ऑम्लेट आहे, बिचाऱ्यांना भरीत माहीत नाही.)

या गावात प्रत्येकावर खटला चालतो. दोन न्यायाधीश, एक फिर्यादी बाजूचा वकील, एक तुमच्या बाजूचा. समोर पडदा. त्यावर तुमच्याच आयुष्यातले प्रसंग दाखवले जातात, काही दिवस निवडून. डॅनियलच्या वाट्याला नऊ दिवस येतात, आणि 'नऊ' ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो. त्यावरून त्याला कळतं की आपलं प्रकरण हलकं नाही. आता प्रश्न असा की हे न्यायालय शोधतंय काय? इथं पाप-पुण्य नाही. चोरी केली का, खोटं बोललास का, देवळात गेलास का, हे कोणी विचारत नाही. एकच गोष्ट तपासली जाते. घाबरलास कुठं? ज्यानं भीती ओलांडली तो पुढे जातो. ज्याला जमलं नाही तो परत पृथ्वीवर, पुन्हा पहिलीपासून.

मला हा सिनेमा पुण्याच्या भाचीनं लॅपटॉपवर दाखवला. मी हसत होते आणि हसता हसता एका जागी अडकले. आपल्याकडे तर चित्रगुप्त आहे. जन्मभराचा हिशेब ठेवणारा, कोणाकडून चहापाणी न घेणारा कारकून. त्याच्या वहीत डावीकडे पाप, उजवीकडे पुण्य. घरात कोणी गेलं की आपण गरुडपुराण लावतो. त्यात वैतरणी आहे, यमदूत आहेत, कुठल्या कर्माला कुठली यातना याची यादी आहे. भीती तिथंही भरपूर आहे, पण ती शिक्षेत आहे. हिशेबात नाही. म्हणजे पुराण आपल्याला सांगतं, घाबर. आणि अमेरिकेतला हा विनोदी गृहस्थ सांगतो, घाबरलास तेच तुझ्या नावावर मांडलंय.

तुम्ही म्हणाल, हा परदेशी विचार. मीही तसंच म्हणणार होते. पण मी धुळ्यात बोलत्येय, आणि धुळ्यात असं म्हणणं बरं नाही.

१९३२ साली याच शहरातल्या तुरुंगात विनोबा होते. २१ फेब्रुवारीच्या रविवारी त्यांनी गीतेच्या पहिल्या अध्यायावर कैद्यांसमोर बोलायला सुरुवात केली आणि दर रविवारी एक अध्याय असं करत १९ जूनला अठरावा संपवला. खाली बसून ते सगळं उतरवून घेणारा कैदी म्हणजे साने गुरुजी, अमळनेरच्या शाळेतली मास्तरकी सोडून आलेले. विनोबांच्या बोलण्याचा वेग आणि गुरुजींच्या हाताचा वेग यांची ती शर्यत कशी झाली असेल, मला नेहमी कुतूहल वाटतं. मी कॉलेजात असताना वर्गातल्या तासाचंही धड टिपण काढू शकले नाही. अठरा रविवारांचा हिशेब लावला तर सोळावा अध्याय येतो ५ जूनला. खानदेशातला जून, पाऊस अजून लांब, तुरुंगाच्या भिंती दिवसभर तापलेल्या. त्या दिवशी विषय दैवी संपत्तीचा. गीतेनं दिलेल्या गुणांच्या यादीत पहिलं नाव कशाचं आहे? सत्याचं नाही, दयेचं नाही, दानाचंही नाही. अभयाचं. विनोबांनी ती यादी सैन्यासारखी उभी केली: सगळ्यांच्या पुढे अभय, सगळ्यांच्या मागे नम्रता, आणि मधे बाकीचे गुण सुरक्षित. पुढचा गडी नसेल तर मधले गुण वाढायलाच धजत नाहीत, आणि मागची नम्रता नसेल तर पुढच्याला गर्व चढतो.

म्हणजे रकाना आपल्याकडेही होता. कोणीतरी तो वहीच्या पहिल्या ओळीवरच आखला होता. आपण तो पाठ केला आणि वापरला नाही. कठोपनिषदातला नचिकेता बघा. बापाला तीनदा विचारतो, मला कोणाला देणार? बाप वैतागून म्हणतो, यमाला. पोरगं उठतं आणि खरंच जातं. यम घरी नाही. तीन रात्री उपाशी दारात. यम परत येतो तेव्हा ओशाळतो, पाहुणा उपाशी राहिला म्हणून तीन वर देतो. मृत्यूच्या दारात जाऊन मृत्यूलाच ओशाळं करणारा हा प्रसंग मला जगातला फार जुना आणि फार चांगला विनोद वाटतो. पण आपण तो तत्त्वज्ञानाच्या पेपरात टाकला आणि त्यावर कोणी हसेनासं झालं.

पडद्यावर आपण हसलो ते वेगळ्याच गोष्टीवर. १९७९ चा 'लोक परलोक' आठवत असेल, जितेंद्रचा, तेलुगू 'यमगोला'वरून घेतलेला. नायक वर जातो आणि यमालाच जेरीस आणतो. त्यात यम हास्यास्पद, मेलेला माणूस हुशार. मराठीत १९८२ चा 'एक डाव भुताचा', द. मा. मिरासदारांच्या लेखणीचा. भूत अशोक सराफ आणि भित्रा मास्तर दिलीप प्रभावळकर. मला हा सिनेमा ब्रूक्सच्या सिनेमाचा लांबचा चुलतभाऊ वाटतो, कारण त्यातही खरी गोष्ट भुताची नाहीच, मास्तरच्या भित्रेपणाची आहे. भूत सोबतीला आल्याशिवाय त्याला जिवंत माणसांसमोर उभं राहता येत नाही. पुढं १९९३ मध्ये 'झपाटलेला' आला. लक्ष्याच्या घाबरण्यावर अख्खं थिएटर हसलं आणि बाहुल्यातल्या तात्या विंचूला घाबरून पोरं आईच्या पदराआड गेली. पण या सगळ्यात भीती बाहेरून येते. बाहुली, भूत, यमदूत. ब्रूक्सनं काय केलं, तर भूतही काढून टाकलं आणि यमही. उरला एक माणूस, आणि त्याच्यासमोर तोच माणूस पडद्यावर. हसायला दुसरं कोणी नाही.

त्यातला एक प्रसंग सांगते, कारण तो मला सिनेमा पाहण्याआधीपासून माहीत होता.

डॅनियलला नवी नोकरी मिळणार असते. आदल्या रात्री तो बायकोला समोर बसवून तालीम करतो. तू साहेब हो, मी पगार मागतो. ती आकडा कमी करत जाते, हा हटत नाही. पासष्ट हजार डॉलर म्हणजे पासष्ट हजार, एक छदाम कमी नाही. आवाज कसा ठणठणीत! दुसऱ्या दिवशी साहेब म्हणतो, आम्ही तुला एकोणपन्नास देऊ शकतो. आणि हा क्षणही न दवडता म्हणतो, चालेल. न्यायालयात हे दोन्ही प्रसंग एकापुढे एक दाखवतात. हशा पिकतो. मी मात्र हसले नाही. पासष्ट आणि एकोणपन्नासच्या जागी मला तीनशे आणि दोनशे साठ ऐकू आले.

माझे वडील रावेर तालुक्यातले केळी उत्पादक. नव्वदच्या दशकातली गोष्ट. उद्या कापणी, व्यापारी बागेत येणार. रात्री ओट्यावर वडील आईला सांगत होते, आणि खरं म्हणजे स्वतःलाच सांगत होते, "तीनशेच्या खाली द्याची नाही. नाही तर नको." आई तांदूळ निवडत होती. ती व्यापारी झाली नाही, पण हूं हूं करत राहिली. सकाळी मी चहा घेऊन बागेत गेले. व्यापारी खोडाला टेकून उभा. एक घड त्यानं हातानं जरा वळवला, फण्या मोजल्यासारखं केलं, दोन बोटांनी एक केळ दाबलं, आणि बागेकडे न बघता म्हणाला, "दोनशे साठ." वडिलांच्या हातात विळा होता. तो त्यांनी या हातातून त्या हातात घेतला. आणि म्हणाले, "बरं." बस. चहा गार व्हायच्या आत व्यवहार झाला. परत येताना ते माझ्याशी बागेच्या पाण्याबद्दल बोलत होते, खूप वेळ.

हा प्रसंग जजमेंट सिटीत लागला असता तर तिथल्या फिर्यादी बाजूच्या वकीलबाईनं तो दोनदा दाखवला असता. मला वर्षानुवर्षं वडिलांचा राग यायचा. का म्हणाले नाहीत? निदान दोनशे ऐंशी तरी? सिनेमा पाहिल्यावर मात्र मी त्यांच्या बाजूची वकील झाले. ब्रूक्सच्या सिनेमाबद्दल माझी एक तक्रार आहे, ती इथंच मांडते. त्या न्यायालयात घाबरलास का, एवढंच विचारतात. घाबरायला कारण होतं का, हे नीटसं कोणी विचारत नाही. डॅनियलला एकोणपन्नासवर नाही म्हणता आलं असतं. तो दुसऱ्या कंपनीत गेला असता. केळीचा घड दुसऱ्या कंपनीत जात नाही. वर्ष-दीड वर्ष पोसलेलं पीक एकदा तयार झालं की ते तुमच्या धैर्यासाठी थांबत नाही. मे महिन्यात पश्चिमेचा वारा सुटला की पानं फाटतात, घड काळवंडतात. सावद्या-रावेरच्या स्टेशनांवरून केळी दिल्लीकडे जायची, पण डबा मिळणं ना मिळणं शेतकऱ्याच्या हातात नव्हतं. समोरच्याला हे सगळं ठाऊक. त्याचं न बघता भाव सांगणं म्हणजे हेच: मी थांबू शकतो, तू नाही. अशा वेळी निघालेल्या 'बरं'ला भित्रेपणा म्हणायचं का? मी म्हणत नाही. पण वडील स्वतः तसंच म्हणत होते, असं मला वाटतं. नाहीतर ते पाण्याबद्दल इतका वेळ बोलले नसते.

आणखी एक. सिनेमातली नायिका ज्युलिया, मेरिल स्ट्रीपनं केलेली. ती इतकी निर्भय की जळत्या घरात शिरून मुलांना काढते आणि मांजरासाठी परत आत जाते. तिचं हॉटेलही डॅनियलच्या हॉटेलापेक्षा भारी. आवडते मला, पण बाईची भीती ब्रूक्सला कळली नाही. आग विझते. रोजच्या स्वयंपाकघरातली, दारातली, लोक काय म्हणतील याची भीती विझत नाही. त्यासाठी मी आपल्या आसोद्याच्या मुलीकडे जाते. बहिणाबाई चौधरी, जन्म १८८०, वैधव्य तरुणपणी, पदरात लेकरं, अक्षरओळख नाही. भविष्य सांगायला आलेल्या ज्योतिषाला दारातूनच परत पाठवणारी तिची कविता सगळ्यांना माहीत आहे. हात दाखवून भविष्य विचारणं म्हणजे भीतीला घरात बोलावून पाट मांडणं. तिनं पाट मांडला नाही. तिला बसने उडवलं नव्हतं, कुठल्या न्यायालयात नेलं नव्हतं. तिनं आपला खटला जात्यावर बसून स्वतःच चालवला, आणि तोही गुणगुणत. १९५१ मध्ये ती गेली, आणि पुढच्या वर्षी गाणी छापून आली, तेव्हा महाराष्ट्राला निकाल कळला.

आता कावळ्याकडे येते. आपल्याकडे जजमेंट सिटी नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर ते अर्धंच खरं. आहे. ती नदीकाठी भरते, दहाव्या दिवशी, आणि चालते जेमतेम तासभर. पिंड मांडलेला असतो, लोक लांब सरकलेले असतात, आणि न्यायाधीश समोरच्या बाभळीवर बसलेला असतो, काळा, मान वाकडी करून. तो येईना की खटला सुरू होतो. फरक एवढाच की साक्ष मेलेल्यानं द्यायची नसते, जिवंतांनी द्यायची असते. "पोरीचं लग्न आम्ही करू." कावळा हलत नाही. "घराची वाटणी भांडण न करता करू." हलत नाही. "विडी ठेवा रे एक." विडी ठेवली जाते. "त्यांना पंढरपूरला जायचं होतं." मग एक लांबचा भाचा म्हणतो, "मामाला गाडी शिकायची होती," आणि त्या गंभीर गर्दीत कोणाला तरी हसू आवरत नाही. इथं दहा-वीस दहावे पाहिलेला प्रत्येक जण बसलाय. मला सांगा, ही यादी कशाची असते? आपण म्हणतो, राहिलेल्या इच्छांची. पण नीट ऐका. पंढरपूरला जायला पैसे नव्हते असं नाही, दुकान कोण बघेल म्हणून गेले नाहीत. गाडी शिकायची होती, पण पोरं हसतील म्हणून शिकले नाहीत. बहुतेक राहिलेल्या इच्छा या न धजावलेल्या इच्छा असतात. ब्रूक्स जे पडद्यावर दाखवतो ते आपण कावळ्याला ओरडून सांगतो.

आखाजीलाही असंच असतं. बाहेरच्यांना खानदेशातली अक्षय्यतृतीया कळत नाही. एकाच दिवशी घरात पितरांची घागर भरलेली, विस्तवावर त्यांच्या नावानं घास, आणि अंगणात सासरहून आलेल्या लेकी झोक्यावर, गाणी म्हणत, एकमेकींच्या सासवांची नक्कल करत. पुरुष पत्ते कुटतात आणि त्या दिवशी त्यांना कोणी बोलत नाही. आमरस दोघांसाठी, गेलेल्यांसाठी आणि राहिलेल्यांसाठी, एकाच पातेल्यात. परलोकावर विनोदी सिनेमा काढायचा असेल तर त्याचं नेपथ्य आपल्या अंगणात दरवर्षी आयतं लागतं. अहिराणीत आणि तावडीत आता पोरं मोबाइलवर इतकं छान शूटिंग करतात. कोणीतरी करा. यम नको, बाहुली नको. एक म्हातारा घागरीपाशी परत आलाय आणि पडद्यावर त्याची केळी दोनशे साठनं जाताहेत, एवढं पुरे.

सिनेमाचा शेवट तीस वर्षांहून जुना असल्यामुळे सांगायला हरकत नाही. डॅनियल हरतो. परत पृथ्वीवर जाणाऱ्या ट्राममध्ये त्याला बसवतात. पलीकडच्या ट्राममध्ये ज्युलिया दिसते. तो पट्टा सोडतो, धावत्या गाड्यांमधून पळतो, तिच्या दाराला लटकतो, विजेचे झटके खातो आणि सोडत नाही. वर बसलेले न्यायाधीश ते बघत असतात. दार उघडतं. मला हा शेवट आवडतो आणि थोडा फसवाही वाटतो. धावत्या गाडीतून उडी मारणं सिनेमात सोपं असतं. व्यापाऱ्यासमोर तोंड उघडणं अवघड.

अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत, म्हणून वडिलांचं सांगून थांबते. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. तापीच्या काठावर दहावा होता. आमच्याकडे बायका तिथं जात नाहीत, आई आणि मी घरीच होतो. दारावर येणाऱ्यांची रीघ चालू होती. साडेदहाला भावाचा फोन आला. कावळा येत नव्हता. बहिणीच्या मुलाचं शिक्षण झालं, विहिरीचं झालं, गंधमुक्तीला गावजेवण घालू झालं, केळीचा एक घडही ठेवून झाला. कावळा समोरच्या निंबावर बसून. "आईला विचार, काय राहिलं होतं त्यांचं?"

मी आईला विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग फोन हातात घेतला आणि नदीवर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "त्याईले सांग, केळी तीनशेनंच गेली."

भावाला काही कळलं नाही, तरी त्यानं तसं ओरडून सांगितलं. कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवून घेतला आणि मंडळी परतली. भाऊ दारातच हिरमुसून बसला. आईनं त्याला पाणी दिलं.

"भेला असीन तो," ती म्हणाली, "इतके मानसं पाहीसन."